लांबूनच पाहिलेलं बाळ

“या टायमाला मी हाय,” असं आमचा शेजारी म्हणायचा आणि उजव्या हाताची दोन बोटं स्वतःच्या छातीवर टकटक वाजवायचा. जिन्यात भेटला तरी हेच, गच्चीवर कपडे वाळत घालताना भेटला तरी हेच. बायकोला आठवा महिना लागल्यापासून आमच्या मजल्यावर हे वाक्य ऐकलं नाही असं एक घर उरलं नव्हतं.

आम्ही पनवेलला, बाजारापासून दहा मिनिटांवर राहतो. त्याचं दार आमच्या दारासमोर होतं. मूळचा उरणकडच्या गावचा. जासईजवळच्या एका यार्डात कंटेनर उचलणाऱ्या मोठ्या मशीनवर तो ऑपरेटर होता. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला अरे-तुरे करायची आणि तो मला वैनी म्हणायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लोखंडाचा तो अगडबंब डबा इंचभर न चुकता जागेवर ठेवतील, पण घरात साखरेचा डबा कुठला ते त्यांना सांगता येणार नाही.

त्याची मोठी मुलगी तन्वी. ती जन्मली तेव्हा तो गुजरातला एका बंदरावर कामाला होता. काम सोडून येता आलं नाही. त्याने तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पाच महिन्यांची होती. हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडे बघत. म्हणून या वेळची तयारी बघण्यासारखी होती. वर्षभर सुट्ट्या साठवलेल्या. दवाखान्याचा रस्ता बाइकवरून दोनदा जाऊन पाहिलेला. खड्डे कुठे आहेत तेही रिक्षावाल्याला सांगून ठेवलेलं.

आणि तारखेला आठ दिवस असताना तन्वी शाळेतून ताप घेऊन आली. दुसऱ्या दिवशी पोटावर, पाठीवर पाण्याचे फोड. डॉक्टरबाईंनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाल्या, “कांजिण्या. हिच्या आईला आजच्या आज दुसरीकडे हलवा.” मग त्याला विचारलं, “तुम्हाला लहानपणी येऊन गेल्यात का?”

त्याला माहीत नव्हतं. सांगणारी आई कधीच गेलेली. बाई म्हणाल्या, “मग तुम्हीही तीन आठवडे बाळाजवळ जायचं नाही.”

बायकोला संध्याकाळपर्यंत तिचा भाऊ उरणला माहेरी घेऊन गेला. घरात उरले तो, सात वर्षांची तन्वी आणि गुलाबी लोशनची बाटली. मला लहानपणीच कांजिण्या येऊन गेलेल्या, त्यामुळे त्या घरात बिनधास्त ये-जा करणारी मी एकटीच.

चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे पेज घेऊन गेले होते. तो तन्वीच्या पाठीला लोशन लावत होता. फोन वाजला. “पोरगा झाला,” मेहुण्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. मागोमाग फोटो आला. बघायला म्हणून त्याने फोन हातात घेतला तर पडद्यावर लोशनची बोटं उमटली. पुसायला गेला तर आणखी फासलं. बाळाचा सगळा चेहरा गुलाबी चिकटा झाला. शर्टाने पुसत पुसत तो खिडकीपाशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

दुपारी पेढे आणले. पण कांजिण्यांच्या घरातला पेढा कोण घेणार? पहिल्याच दारात त्याला “ठेवा तिथे कठड्यावर” असं ऐकावं लागलं. तो परत आला आणि पुडा माझ्या हातात देऊन म्हणाला, “बाप हाय मी, आन पेढे वाटताय तुमी.” मी तीन मजले पेढे वाटले. लोकांनी अभिनंदनही माझंच केलं.

पुढचे दिवस त्याला फार जड गेले. साठवलेली प्रत्येक सुट्टी तन्वीच्या खाजेवर खर्च होत होती. पोळीचा रोल तिला कसा लागतो, वेणी कुठून सुरू होते, कुठल्या फ्रॉकची शिवण टोचते, त्याला काहीच माहीत नव्हतं, आणि तिला ते सांगून सांगून कंटाळा आला होता. “पप्पा, मम्मी असं नाही करत,” हे दिवसातून पन्नास वेळा. समोरच्या दारातून मला त्याचा आवाज ऐकू यायचा. आधी समजावणीचा, मग चढलेला. रोज एकदा बायकोचा व्हिडिओ कॉल. तिकडे रेंज नसायची. बाळाचा कान दिसायचा, छत दिसायचं, सासूबाईंचा पदर दिसायचा आणि चित्र थिजायचं.

बाराव्या दिवशी बारसं झालं. तेही फोनवर. पाळणा म्हणायला बायका उभ्या राहिल्या आणि फोन कुणीतरी खाटेवर उपडा ठेवला. त्याने नाव ऐकलं ते अंधाऱ्या पडद्यातून. नेमकं तेव्हाच तन्वीने हट्ट धरला, मला आत्ता पाणीपुरी हवी. आणि तो ओरडला.

“तुज्यामुलं! तुज्यामुलं मला माजा पोरगा बघाया मिलत नाय!”

मी माझ्या ओट्यापाशी होते. तिथपर्यंत ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी तो औषध आणायला खाली गेला, तशी तन्वी माझ्या दारात आली. हातांवर खपल्या धरलेल्या, उंबऱ्याच्या बाहेरच उभी.

“काकू, मला थोडे दिवस कुठे ठेवता येईल का?”

“का गं?”

“पप्पांना बाळाकडे जायचंय. मी असले की जाता येत नाही.”

तिच्या आवाजात रुसवा नव्हता, हेच मला सहन झालं नाही. तिने नुसती सोय विचारली होती.

तो वर आला तेव्हा मी त्याला जिन्यातच गाठलं आणि जे झालं ते सांगितलं. मी म्हटलं, “तन्वीला मी सांभाळते. तू जा, अंगणातून का होईना, बाळाला बघून ये. आणि मग हिच्याशी नीट बोल. या डोक्याने बोलू नकोस.”

तो आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून गेला आणि तीन तासांत परत आला. सासऱ्यांनी त्याला अंगणाच्या टोकालाच थांबवलं होतं. “जावयबापू, तिथंच. रागवू नका, पन तिथंच.” बायकोने खिडकीतून बाळ उंच धरलं. काचेवर ऊन पडलेलं.

“टोपडं बघितलं,” तो मला म्हणाला. “यवढ्या लांब जाऊन पिवलं टोपडं बघून आलो.” हसला, पण ते हसू लगेच मावळलं.

मग तो तन्वीपाशी जमिनीवर बसला. मी उठून निघाले तर म्हणाला, “थांबा वैनी, तुमी पन ऐका.” आणि तिला म्हणाला, “काल मी बोललो ते चुकलं. तुज्यामुलं काय नाय. रागात बोललो.”

तन्वीने विचारलं, “मला पण तुम्ही लांबूनच बघितलं होतं?”

त्याला खोटं बोलता आलं असतं. मला वाटलं, बोलेल.

“नाय,” तो म्हणाला. “तुला तर बघितलंच नाय. पाच महिने. मी तिकडं लांब होतो.”

“मग मी कशी होते?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला काय माहीत? आम्ही तेव्हा इथे राहायलाही आलो नव्हतो. मग त्याने बायकोला फोन लावला. ती घाबरूनच बोलली, “काय झालं?”

“काय नाय. हिला सांग, ही जन्मली तवा कशी होती. समदं सांग.”

“आत्ता?”

“हां, आत्ता.”

फोन जमिनीवर मध्ये ठेवला आणि ती सांगत गेली. तन्वीला जन्मतःच खूप केस होते. उजवी मूठ ती उघडायचीच नाही. प्रेशर कुकरची शिट्टी झाली की दचकायची नाही, पण कुणी शिंकलं की रडायची. एकदा तिकडून बाळ रडलं. ती म्हणाली, “थांबा, याला घेते,” आणि त्याला मांडीवर घेऊन पुन्हा तन्वीचंच सांगायला लागली. तन्वी मधे मधे हसत होती. तो मात्र गुडघ्यांना हातांची मिठी घालून, एखाद्या परक्या गावाची हकिकत ऐकावी तसा ऐकत होता. “मूठ कवा उघडली मग?” त्याने एकदाच विचारलं.

खपल्या पडल्या आणि बाळ घरी आलं तेव्हा बाळ चोवीस दिवसांचं होतं आणि बापाच्या सुट्ट्या संपलेल्या होत्या. तो यार्डातून धावत आला, हात-पाय धुतले, बाळ घेतलं. बाळाने त्याच्याकडे पाहिलं आणि जो टाहो फोडला! “मला वलखतच नाय हा,” तो म्हणाला. बायको म्हणाली, “अवो, तो अजून कोनालाच वलखत नाय.” पण ते त्याला पटलं नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. रोज कामावरून आला की तो मुलाला घ्यायचा, मुलगा रडायचा, आणि तो चिडून तन्वीच्या हातात द्यायचा. तिच्याकडे गप्प.

वर्षभरात त्यांनी खोली सोडली आणि ते जासईकडे राहायला गेले. यार्ड जवळ पडतं म्हणून. समोरच्या दारात आता एक जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत, पण दार सदा बंद असतं.

मध्यंतरी ते सगळे मला एसटी स्टँडवर दिसले. मुलगा आता दोन वर्षांचा. तन्वीच्या कडेवर लोंबकळत होता आणि बाप मागून दोन पिशव्या, एक छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन येत होता. मला बघून थांबला.

“बगा वैनी, दोन मिंटं ऱ्हात नाय माज्याकडं. मी काय वाघ हाय का?”

उरणची गाडी लागली. गर्दी होती. त्याच्या बायकोला आणि तन्वीला जागा मिळाली, तो मधल्या वाटेत उभा राहिला. गाडी सुटेपर्यंत मी खाली खिडकीपाशी तन्वीशी शाळेचं बोलत होते. बोलता बोलता मुलगा तिच्या मांडीवर झोपून गेला. तिने मान वळवून बापाला खूण केली. त्याने पिशव्या पायात ठेवल्या, वाकून मुलाला अलगद उचललं आणि खांद्यावर घेतलं. शेजारचा एक म्हातारा सरकून त्याला म्हणाला, “बसा, जागा आहे.”

त्याने मानेनेच नको म्हटलं. गाडी निघाली तेव्हाही तो तसाच उभा होता, एक हात वरच्या दांडीला आणि दुसरा मुलाच्या पाठीवर.