कंट्रोल धरून ठेवायचा

मिरचीचा खकाणा आणि किस्से, दोन्ही एकाच जातीचे. आज झाडून काढा, उद्या खिडकीच्या कडेला पुन्हा साचलेलेच! गडमुडशिंगीत आमच्या बायकांच्या गटाचा चटणीचा डंक आहे. डंक म्हणजे मिरची कांडायचं मशीन. लोखंडी मुसळं धाडकन वर जातात, धाडकन खाली पडतात. त्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचंच. म्हणून माझा आवाज असा. लोक मला भांडकुदळ म्हणतात. म्हणू देत!

अलीकडं आम्ही बायका कंप्युटर शिकलो. त्यातलं थोडं सांगते. बाकीचं चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

*

गटाची बिलं, लेबलं, ऑर्डरी सगळं पूजा बघायची. काचेमागच्या खोलीत तिचा कंप्युटर. तिचं लग्न ठरलं, सासर चंदगडचं. आमच्या अध्यक्ष सुमन मामी. त्यांनी डंक बंद केला आणि जाहीर केलं, "पूजाच्या डोक्यावर अक्षता पडायच्या आत जी शिकेल तिची ती खुर्ची. कुणीच न्हाय शिकलं तर बाहेरचा माणूस ठेवणार!"

सगळ्या हसीनाकडं बघायला लागल्या. हसीना माझ्या शेजारी बसते. मिरचीनं तिची छाती धरलेली. खोकला लागला की भिंतीला टेकून उभी राहते. डॉक्टरनं सांगितलं होतं, मिरचीचं काम सोडा. घरात ती आणि लेक, दोघीच. "मिरची सोडून काय खाऊ, हे बी चिठ्ठीवर लिवा म्हटलं डॉक्टरला," असं सांगायची आणि पदर तोंडाला बांधून पुन्हा बसायची.

"चल की शिकायला," मी म्हटलं.

"मला न्हाय जमायचं, शालनक्का."

"मला तरी कुठं जमतंय! दोघी मिळून माती खाऊ. चल!"

*

पहिल्याच दिवशी अडलं.

पूजा म्हणाली, "कंट्रोल दाबायचं आणि सी दाबायचं. झालं कॉपी." मी कंट्रोल दाबलं, सोडलं. सी दाबलं, सोडलं. काही नाही. हसीनानं दाबलं. काही नाही. मामींनी तर असं दाबलं की टेबल हाललं.

"अवो, सोडू नका ना! कंट्रोल धरून ठेवायचा!"

"का? सोडल्याशिवाय दुसरा घाव बसतोय व्हय?" मामी खवळल्या. बरोबरच आहे. जन्मभर कांडलेलं आम्ही. उचलायचं, आपटायचं. उचलायचं, आपटायचं. हाताला दुसरं ठाऊकच नाही.

आठवडाभर हेच. पूजा रडकुंडीला आली. शेवटी हसीनाच म्हणाली, "उरसात पोरीचा हात धरतो का न्हाय आपण? एका हातानं पोरगी धरायची, दुसऱ्या हातानं बांगड्या बघायच्या. बांगड्या बघायला म्हणून पोरगी सोडतो व्हय?"

सगळ्यांना जमलं! त्या दिवसापासून आमच्यात कंट्रोलच्या बटणाला पोरगी म्हणतात.

*

मामींना लेबलवर अध्यक्ष म्हणून पूर्ण नाव पाहिजे होतं. सुमन टाइप केलं. पुढं गाडी थांबली. मालकांचं नाव त्यांनी उखाण्याशिवाय कधी घेतलेलं नाही.

"तोंडानं न्हाय घ्यायचं मामी, बोटानं घ्यायचंय," मी म्हटलं.

"बोट माझंच न्हवं?"

मग पूजानं 'दत्तात्रय' लिहिलं, कॉपी केलं आणि म्हणाली, "आता पोरगी धरा आणि व्ही दाबा." मामींनी दाबलं. नाव उमटलं!

"मी कुठं घेतलं? ते आपसूक आलं!" मामी लाजल्या. वयाला शोभत नाही असं लाजल्या. पुन्हा दाबलं. पुन्हा आलं. खिडकीतनं ऊन तिरकं आत आलेलं, त्यात तांबूस धूळ सावकाश तरंगत होती, आणि मामी आपल्या दाबतायत, दाबतायत. पानभर दत्तात्रय!

"मामी, सात जन्माचं एकदमच घेतलंसा की!" मी म्हटलं.

त्या पानाचा प्रिंट कुणी काढला ते मी सांगणार नाही. मामींचे मालक संध्याकाळी न्यायला आले. त्यांनी कागद बघितला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.  आणि गाडी इतकी हळू चालवत गेले की मागनं म्हशी पुढं निघून गेल्या.

*

मी हात न धुता बसले आणि मग पूजानं त्याच बटणांवर काम करून डोळा चोळला. पुढचं विचारू नका! तेव्हापासून दारात खोबरेल तेलाची वाटी. आधी हाताला तेल, मग साबण, मग आत. देवळात जावं तसं. आणि परत एकदा हुंगून बघायचं.

*

एकदा आम्ही अचानक आत गेलो तर पूजानं झटकन काहीतरी दाबलं. समोर लेबल आलं. पण मी बघितलंच!

"तो निळ्या शर्टातला मिरचीचा नवा वाण हाय व्हय?"

पूजा लालबुंद. मग शिकवावंच लागलं तिला, ऑल्ट आणि टॅब. एक खिडकी लपते, दुसरी पुढं येते. दाबलं की नवरा, दाबलं की लेबल. नवरा, लेबल. नवरा, लेबल. शेवटी नवऱ्यावर थांबलो. पोरगा बरा होता, पण त्याच्यामागं चंदगडचा डोंगर. हिरवागार, निम्म्यावर ढग उतरलेला. आम्ही बायका त्या ढगात किती वेळ बघत उभ्या होतो कुणास ठाऊक. बाहेर उन्हानं पत्रा तडतडत होता आणि आमच्या अंगावर गारवा आला.

मी म्हटलं, "पूजा, असल्या पावसात मिरची कुठं वाळत घालतीस गं?"

"काकी, मी तिथं मिरची वाळत घालायला चाललीय व्हय?"

कुणी हसलं नाही. सगळ्या अजून ढगातच होत्या.

*

कंट्रोल आणि झेड. शेवटचं केलेलं माघारी जातं. पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचं.

पूजानं हे सांगितलं.  एकेकीचा चेहरा बघण्यासारखा! जी ती आपापल्या आयुष्यात मागं जात होती. मी माझ्या थोरल्या जावेला एकदा काय बोलले होते तिथपर्यंत गेले आणि ठरवलं, ते तसंच राहू दे. बरोबर बोलले होते!

हसीना म्हणाली, "मी न्हाय दाबणार. मागं मागं जाता लेक बी जायची हातातनं."

मामींनी टाळी वाजवली. "उठा! समद्यांनी मागं घेतलं तर चटणी कोण कांडणार?"

*

हसीनाला एकच बटण मनापासून आवडलं. एस. पूजा म्हणाली होती, "लाईट गेली की सगळं जातं. कंट्रोल धरून एस दाबलं की ऱ्हातं." आमच्याकडं लाईट जायला निमित्त लागत नाही.

हसीना एक शब्द लिहायची आणि एस दाबायची. पूजा म्हणायची, "काकी, सारखं कशाला?" ती म्हणायची, "शब्द माझा हाय. ऱ्हाऊ दे की."

मग ते तिच्या बोटांतच बसलं. दुपारी पोत्यांवर टेकून डोळा लागला, तरी दोन बोटं पोत्यावर हलायची. भाकरी थापता थापता परातीच्या काठावर दाबायची. लेक सांगायची, "अम्मी वेणी घालताना माझ्या मानेवर कायतरी दाबती." मी हसीनाला विचारलं. तिला स्वतःलाच पत्ता नव्हता!

आणखी एक. काचेच्या आत ती दुपारभर बसली आणि एकदाही खोकली नाही. आम्ही बाहेर खकाण्यात होतो. मी सारखी काचेतनं बघत होते. खोकत नसलेली हसीना मी कधी बघितलीच नव्हती. कुणी दुसरीच बाई वाटत होती, पाण्याखाली बसल्यासारखी.

*

पूजाच्या हळदीच्या आधी मामींनी परीक्षा ठेवली. मुरगूडच्या दुकानाची मोठी ऑर्डर आलेली. सगळी लेबलं हसीनानं करायची, पूजानं हात लावायचा नाही. बाहेरचा माणूसही मामींनी बघून ठेवलेला. त्याला दुपारनंतर भेटायला बोलावलेलं, म्हणजे आता वेळ हातात नव्हता.

हसीना बसली. आम्ही काचेला नाक लावून उभ्या. ती लिहीत होती, थांबत होती, आता तर अर्ध्या शब्दालाही दोन बोटं दाबत होती. शेवटचं लेबल आलं आणि लाईट गेली!

पंखा घरघरत थांबला. पडदा काळा. माझ्या तोंडून वायरमनच्या सात पिढ्या बाहेर पडल्या. हसीना मात्र हलली नाही. दोन्ही बोटं बटणावर तशीच.

"सोड आता," मामी म्हणाल्या. "कंप्युटर मेलाय."

"ऱ्हाऊ दे मामी. सोडलं आन् गेलं तर?"

घामानं तिची पाठ भिजली, पण बोटं नाही काढली.  डंक नाही, पंखा नाही. लांब कुठंतरी उसाच्या ट्रॅक्टरचं गाणं ऐकू येत होतं, तेही झोपेत ऐकल्यासारखं.

लाईट आली. पूजानं फाईल उघडली. सगळं होतं. शेवटचं लेबलसुद्धा, अर्ध्या शब्दापर्यंत. हसीनानं उरलेला अर्धा शब्द लिहिला आणि एस दाबलं.

मामींनी चष्मा पुसून एकेक लेबल वाचलं. मग पुन्हा वाचलं. तोंड वाकडं करून म्हणाल्या, "ह्या खुर्चीला उशी घालून घे. कंबर धरंल."

बाहेर आल्या आणि त्या माणसाला फोन लावला. "येऊ नका. आमचं माणूस मिळालं."

*

आता पूजा चंदगडला. हसीना काचेच्या आत, मी बाहेर. तिच्या जागेवर मी माझं पोतं सरकवून घेतलंय.

मधल्या सुट्टीत डंक बंद असतो तेव्हा ती बाहेर येते. आम्ही चिंचेखाली पायरीवर चहा पितो. परवा अशाच बसलो होतो. वारा नव्हता, तरी चिंचेची बारीक पानं पडत होती, सावकाश, आमच्या चहात, केसांत.  हसीनानं कप खाली ठेवला आणि माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. करंगळी माझ्या मनगटाशी टेकवली, धरून ठेवली आणि दुसरं बोट तळव्यावर हळूच दाबलं.

"अगं, धुतला न्हाय मी हात! तिखट हाय, सोड!" मी ओरडले.

तिनं सोडला नाही.