पानं उडवायचं मशीन आणि आमची मुलगी

माझा नवरा आखातातून कायमचा परत आला, तेव्हा इतरांच्या सामानात असायचा तसा टेपरेकॉर्डर त्याच्या सामानात नव्हता. जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक मशीन होतं. तिकडे एका वसाहतीतल्या बागा तो सांभाळायचा. निघताना साहेबानं आपलं वापरलेलं मशीन त्याला देऊन टाकलं. ते पेट्रोलवर चालायचं. साधी नळी लावली की वाऱ्याच्या झोतानं पानं पुढे ढकलायचं. नळी बदलून मागे कापडी पिशवी अडकवली की तीच पानं आत ओढून, चुरा करून पिशवीत भरायचं. सासूबाई म्हणाल्या, याच्यापेक्षा खराटा बरा, तो निदान खायला तरी मागत नाही.

ऐंशीच्या दशकाचे मधले दिवस असतील. तो आला तेव्हा आमची मुलगी जाऊन काही महिने झाले होते.

त्यानं तिला एकदाच पाहिलं होतं. ती पोटात असताना तो गेला आणि ती नुकती बसायला लागली तेव्हा सुटीवर आला. अनोळखी माणूस म्हणून ती त्याच्याकडे जाईना. तो जाईपर्यंत माझा पदर धरून राहिली. पुढे चालायला लागली, बोलायला लागली, आणि एका पावसाळ्यात तिचा ताप डोक्यात गेला. आम्ही केलेली तार त्याच्या हातात पडली तोवर तिला माती दिली होती. पासपोर्ट मालकाकडे, करार अजून बाकी. तो तिथेच राहिला, करार पुरा केला आणि मग आला.

मला वाटलं होतं, तो रडेल, नाहीतर मला बोलेल, पोर सांभाळता आली नाही म्हणून. त्यानं हातपाय धुतले, घरातल्या वेदीवरच्या तिच्या फोटोसमोर थोडा वेळ उभा राहिला आणि बाहेर येऊन विचारलं, पेट्रोल कुठे मिळतं.

मग रोज सकाळी तो ओट्यावर मशीन घेऊन बसायचा. स्कूटरमध्ये घालतात ते ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून बाटली हलवायचा. त्या दिवसापुरतंच करायचा, कारण शिळं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकटतं म्हणे. प्लग काढून त्याची काजळी पॉलिश पेपरनं घासायचा. हवेच्या फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचा. मग दोरी ओढली की असा आवाज उठायचा की कोंबड्या शेजारच्या वाडीत पळायच्या. आंब्याफणसाच्या पानांचा चुरा तो केळींच्या बुंध्याशी टाकायचा. मशीन चालू असताना त्याच्याशी बोलता येत नसे, आणि बंद केल्यावर तो थकलेला असे. मला वाटायचं, त्याला हेच हवंय.

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला, तशी दफनभूमीतल्या बदामांची पानं गळू लागली. मोठमोठी, लालभडक. फादरांनी त्याला विचारलं, सणाच्या आधी मशीननं तेवढी झाडून देता येईल का. तो हो म्हणाला. शनिवारी मी पाण्याचा तांब्या आणि पेट्रोलची बाटली घेऊन त्याच्याबरोबर गेले.

त्यानं फाटकापासून एकेक ओळ साफ करत आणली. लहान मुलांच्या कबरी मागच्या भिंतीला लागून होत्या. तिथे पोचायच्या आधीच त्यानं मशीन बंद केलं, लांब नेऊन ठेवलं आणि उकिडवा बसून पानं हातानं वेचायला लागला. आधी आमच्या मुलीची, मग तिच्या आजूबाजूच्यांची. पुढच्या शनिवारीही तेच. त्या दिवशी मी विचारलं, मशीन बिघडलंय का.

मान वर न करता तो म्हणाला, "दचकेल ती."

हातातली पानं बाजूला ठेवून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"तिला मोठ्या आवाजाची भीती वाटायची का गं?"

तिचा बाप मला हे विचारत होता. मी सांगितलं, नाही. विहिरीवरचा पंप सुरू झाला की ती धावत जायची, पंपाच्या खोपीच्या भिंतीला दोन्ही तळवे लावायची आणि भिंत थरथरली की हसायची. लग्नाच्या बँडमागे गावाच्या टोकापर्यंत चालत जायची, तिथून मला तिला उचलून आणावं लागे.

"मला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला. आणि तिथेच, पानांच्या ढिगाशेजारी बसून, तो आल्यापासून पहिल्यांदा रडला.

बऱ्याच वेळानं तो उठला. मशीन आणलं, दोरी ओढली. सुरू होईना. त्यानं प्लग काढला, सदऱ्याला पुसला, परत बसवून पुन्हा ओढली. मशीन सुरू झालं. नळी आभाळाकडे धरून तो तिच्या कबरीजवळ नुसता उभा राहिला. मी जाऊन त्याच्या दंडाला धरलं. मशीननं त्याचा हात खांद्यापर्यंत थरथरत होता.

त्यानंतर संध्याकाळी अंगणात बसल्यावर तो एखादी गोष्ट विचारायचा. तिला काय आवडायचं, कशी झोपायची. एकदा त्यानं विचारलं, मी तिचा बाप आहे हे तिला कळत होतं का. मी सांगितलं, तुझ्या फोटोला पप्पा म्हणायची, फोटोच्या तोंडाला पाव लावायची.

एवढ्याशा पोरीबद्दल सांगण्यासारखं किती असणार. पाऊस यायच्या आत माझ्याजवळचं सगळं सांगून संपलं. मग तो तेच पुन्हा विचारायचा आणि मी तेच पुन्हा सांगायची.

पुढच्या पावसाळ्यात दमटपणानं मशीनचं इंजिन जाम झालं. नालासोपाऱ्याच्या गॅरेजवाल्यानं खोलून पाहिलं आणि सांगितलं, याचे भाग इथे मिळत नाहीत. नवऱ्यानं वाद घातला नाही. खराटा घेतला. आखातातून पुन्हा बोलावणं आलं, तेही त्यानं नाकारलं.

नंतर आम्हाला दोन मुलगे झाले. त्यांच्याबद्दल त्याला मला कधी काही विचारावं लागलं नाही.