पारदर्शक पत्ते

माझ्या भावोजींनी आयुष्यभर दुसऱ्या वस्तूंना उभं केलं. आधी फोटोंना, मग दुकानांच्या काचेतल्या घड्याळांना, चष्म्यांना, आणि गेली काही वर्षं टॅबना. अ‍ॅक्रिलिकचं शीट कापायचं, तापलेल्या तारेवर धरायचं, मऊ पडलं की लाकडी साच्यावर वाकवायचं आणि गार होईपर्यंत दोन्ही हातांनी दाबून ठेवायचं. हात काढायची घाई केली की कोन उघडतो. मग त्यावर ठेवलेला टॅब हळूहळू मागे रेलतो, जेवण झाल्यावर खुर्चीत बसलेल्या माणसासारखा.

भावोजींचे कोन उघडत नसत. कडा ते बफच्या चाकावर इतक्या घासत की बोट फिरवलं तरी शीट कुठे संपलं ते कळू नये. बिलिंगच्या काउंटरवर, दवाखान्यात नाव नोंदवायच्या टेबलावर, कुणाच्या ओट्यावर त्यांचे स्टँड उभे असत आणि लोक त्यांच्यातून आरपार पाहत. स्टँड जितका चांगला तितका तो दिसत नाही. हे त्यांना ठाऊक होतं, आणि वय वाढलं तसं हेच त्यांना टोचायला लागलं.

वर्कशॉप खाली, घर वर. मधे लोखंडी जिना. खाली दिवसभर बफचं चाक घरघरे आणि पांढरी भुकटी उडे. ती त्यांच्या भुवयांवर बसे. वर माझी ताई खिडकीला बांधलेली असे.

बांधलेली म्हणजे खरंच बांधलेली. ती पत्त्यांवर पट्ट्या विणते. तळहाताएवढे चौकोनी पत्ते, प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांत चार भोकं, प्रत्येक भोकातून एक धागा. सगळे धागे एकत्र करून एक टोक खिडकीच्या गजाला आणि दुसरं टोक कमरेच्या पट्ट्याला. माग नाही, फळ्या नाहीत. ताण द्यायचा तो आपल्याच कमरेनं, थोडं मागे सरून. पत्त्यांचा गठ्ठा दोन्ही हातांत धरून पाव फेरा फिरवला की धागे वरखाली होतात, मधे वाट उघडते. तिच्यातून आडवा धागा घालायचा, लाकडी पट्टीनं ठोकायचा, पुन्हा पाव फेरा. दाराची घंटी वाजली, दूध उतू गेलं, फोन आला, तरी तिला आधी गाठ सोडावी लागते. त्यामुळे तिच्या घरात बरंच दूध उतू जातं.

तिचे पत्ते बुटांच्या खोक्याचे होते. तिनंच कापलेले. एका बाजूला बुटाच्या कंपनीची लाल छपाई, दुसऱ्या बाजूला कोरा तपकिरी पुठ्ठा. कोपरे मऊ पडलेले, भोकं लांबट झालेली. एखादा पत्ता फाटला की नवा बूट घ्यायची वाट बघायची.

टॅबची कव्हरं विकणारा एक दुकानदार दोघांचाही माल घ्यायचा. भावोजींचे स्टँड, आणि ताईच्या पट्ट्या. कव्हरच्या पाठीला पट्टी शिवली की तिच्यात हात सरकवून टॅब धरता येतो. एकदा भावोजींबरोबर मीही त्याच्या दुकानात गेलो होतो. त्यानं स्टँडचं खोकं उघडलं, एक वर काढला, खाली ठेवला.

"काका, नव्या टॅबला वायर बाजूनं लागते. तुमचं भोक खाली आहे."

"मागच्या खेपेला तूच म्हणालास खाली पाड."

"मागच्या खेपेचा टॅब आता कोण घेतंय?" त्यानं खोकं आमच्याकडे सरकवलं. "काकूंच्या पट्ट्या मात्र पाठवा. तिरक्या रेघांच्याच. गिऱ्हाईक हातात घेऊन विचारतं, हे कुणी विणलं म्हणून."

"आणि स्टँड कुणी वाकवला, ते नाही विचारत?"

"काका, स्टँड मशीनवर होतो ना," तो म्हणाला. वाईट हेतूनं नव्हे. त्याला खरंच तसं वाटत होतं.

परतताना भावोजी पुढे चालत होते. खोकं मी धरलं होतं. आतले स्टँड एकमेकांवर आपटून वाजत होते. जिन्याखाली अशी बरीच खोकी होती: भोक खाली असलेले, भोक मधे असलेले, टॅब अडवणारा पुढचा ओठ जाड असलेले, ओठ पातळ असलेले. ज्या टॅबसाठी ते केले ते टॅब जगातून निघून गेले होते आणि हे त्यांची वाट बघत उभे.

मग काही आठवडे त्यांनी खाली काहीतरी चालवलं होतं. काम नव्हतं तरी चाक फिरत होतं. ताईला वाटलं, नवी ऑर्डर आली. एका दुपारी ते वर आले आणि जेवणाच्या टेबलावर एक पुडकं ठेवलं.

"काय आहे?" ताईनं विचारलं.

"बघ तरी."

पत्ते होते. सर्वांत पातळ शीटचे, पाण्यासारखे स्वच्छ. कोपरे गोल, भोकांच्या कडा आतूनसुद्धा घासलेल्या, धागा अडकू नये म्हणून. कोपऱ्यांवर एक, दोन, तीन, चार असे कोरलेले ठिपके. ताई एकेक पत्ता उचलून उजेडात धरत होती.

"आता बुटांची वाट बघू नकोस," भावोजी म्हणाले. "हे तुझ्या नातवंडांना पुरतील."

"नातवंडं कुठायत अजून?"

"तोवर टिकतील, असंच म्हणतोय."

ती हसली. दुसरा सगळा दिवस बसून तिनं त्या पत्त्यांत धागे ओवले, गडद निळे आणि पिवळे. दुपारचं ऊन खिडकीतून आलं तेव्हा भिंतीवर उजेडाचे चौकोन पडले आणि ती पत्ते फिरवू लागली तसे फिरू लागले. भावोजी दारात उभे राहून भिंतीकडे बघत होते. त्यांनी केलेली वस्तू आरपार दिसत होती आणि तरीही दिसत होती. मला वाटतं, इतका खूश माणूस मी त्या घरात त्याआधी पाहिला नव्हता.

आणि पत्ते चालेनात.

एकतर निसटत. पुठ्ठ्याला पुठ्ठा धरून राहतो, हे एकमेकांवरून बर्फासारखे घसरत. गठ्ठा हातातून सुटला की मधलाच एखादा आपणहून फिरून बसे आणि रेघेला खड्डा पडे. दुसरं म्हणजे पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, हेच कळेना. तिरकी रेघ डावीकडे जाणार की उजवीकडे, ते धागा पत्त्याच्या कुठल्या बाजूनं आत शिरलाय यावर ठरतं. पुठ्ठ्यात लाल बाजू आणि तपकिरी बाजू होती, नजर टाकली की झालं. इथे दहा पत्त्यांचे ठिपके एकदमच दिसत. वीतभर विणल्यावर कळे की चार रेघा उलट्या दिशेला पळाल्यात.

ताईनं कोपऱ्यांना कागदी टेपचे तुकडे लावून पाहिले. भावोजींनी ते बघितले आणि त्यांना वाटलं, काहीतरी चिकटलंय. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून त्यांनी एकेक पत्ता मायेनं पुसला. त्यानंतर ते आणखीच घसरू लागले.

"सांगून टाक ना," मी तिला म्हटलं.

"काय सांगू? तुम्ही फार छान केलेत म्हणून चालत नाहीत, असं?"

"तसंच."

"तू नको शहाणपणा शिकवूस. त्या दुकानदारानं खोकं परत दिल्यापासून हा माणूस नीट जेवला नव्हता. पत्ते दिले त्या दिवशी दोनदा भात घेतला."

मग तिनं जे केलं ते कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. खिडकीच्या एका गजाला भावोजींचे पत्ते, शेजारच्या गजाला तिचे बुटाच्या खोक्याचे. खाली चाक घरघरतंय तोवर पुठ्ठ्यावर काम. चाक थांबलं की झटपट गाठ सोडायची, पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर चादर टाकायची आणि काचेसारखे पत्ते कमरेला बांधून बसायचं. जिना लांब, भावोजींचे गुडघे दुखरे, त्यामुळे वेळ मिळे. ते वर येऊन भिंतीकडे बघत, चहा घेत, जात. की पुन्हा गाठ. पंचावन्न वर्षांची बाई, आणि नवऱ्यापासून पुठ्ठा लपवत होती. कामाचा अर्धा दिवस गाठी सोडण्यात जाई. तिची चिडचिड मग भांड्यांवर निघे, माझ्यावर निघे, एकदा तर मांजरावर निघाली.

"आज पट्टी किती झाली?" भावोजी विचारत.

"होतेय."

"कालही एवढीच होती."

"उसवली. चुकली होती."

"पत्ते बरे आहेत ना?"

"पत्त्यांना काय झालंय," ती म्हणे, आणि आडवा धागा इतक्या जोरात ठोके की खिडकीचा गज वाजे.

त्या दिवशी मी तिथेच होतो, तिच्या पायाशी बसून रीळ गुंडाळत. दुपारी वीज गेली. पंखा थांबला, खालचं चाकही थांबलं. ताईनं हात थांबवले नाहीत. वीज गेली की भावोजी कोपऱ्यावर चहाला जातात आणि दोन-चार लोकांशी भांडून परत येतात, हे ठरलेलं. शिवाय पट्टी अवघड वळणावर होती, अर्धे पत्ते पुढे आणि अर्धे मागे फिरवायचे होते. सोडलं तर हिशेब गेला.

जिना वाजलाच नाही. चहाचं दुकान बंद होतं आणि भावोजी चपला खालीच ठेवून आले होते. का आले ते त्यांनीच नंतर सांगितलं: ऊन चांगलं पडलं होतं, म्हटलं भिंत बघावी.

भिंतीवर काही नव्हतं. त्यांचे पत्ते बाजूच्या गजाला सैल लोंबत होते. ताई पुठ्ठ्याला बांधलेली होती. तिनं उठायचा प्रयत्न केला आणि धाग्यांनी तिला परत खाली बसवलं.

मी रिळाकडे बघत राहिलो.

"किती दिवस?" भावोजींनी विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून."

"म्हणजे मी रोज वर यायचो तेव्हा..."

"हो."

"मला वेड्यात काढलंस."

"नाही हो."

"मग काय केलंस? दुसरा शब्द असला तर सांग."

ताईनं हातातला गठ्ठा तसाच धरून ठेवला होता, वळण चुकू नये म्हणून, आणि त्यामुळे डोळे पुसता येत नव्हते. "आरपार दिसतात," ती शेवटी म्हणाली. "मला कळतच नाही कुठली बाजू माझ्याकडे आहे. आणि हातात राहत नाहीत. मी बोट दाबून दाबून थकले. इतके गुळगुळीत कुणी करतं का?"

"गुळगुळीत करणं हेच माझं काम आहे."

"तेच तर."

भावोजी खिडकीशी गेले. लोंबणारे पत्ते त्यांनी हातात घेतले, गठ्ठा केला, फिरवला. एक पत्ता सटकला. पुन्हा गोळा केले, पुन्हा सटकला. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"कात्री कुठाय?"

"ते धागे अजून चांगले आहेत," ताई म्हणाली.

"कापू का नको?"

ताईनं क्षणभर विचार केला. "कापा."

निळे-पिवळे धागे जमिनीवर पडले. भावोजी पत्ते घेऊन खाली गेले. थोड्या वेळानं मी मागोमाग गेलो. ते वर्कशॉपच्या पायरीवर बसले होते, मांडीवर फळी, फळीवर पत्ता, हातात सर्वांत खरखरीत पॉलिश पेपर. वीज नव्हती, सगळं हातानंच. प्रत्येक पत्त्याची एक बाजू ते रगडत होते. काचेसारखी बाजू आधी ओरखडली जाई, मग धुरकट होई, मग पांढरी पडे, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी.

"मी करू थोडे?" मी विचारलं.

"मेहुणे, तुम्ही रीळ गुंडाळा. त्यात तुम्ही दोघं तरबेज आहात."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकलो.

"आठवडे घालवले चकाकी आणायला," ते पेपर घासत म्हणाले, माझ्याकडे न बघता. "पहिल्या दिवशी म्हणाली असती तर एक बाजू तेव्हाच रगडून दिली असती. पण नाही. सगळे मला जपतायत. तो दुकानदार काका काका करतो, ही पत्त्यांना काय झालंय म्हणते. मी काय अंडं आहे?"

वीज आली तरी त्यांनी चाक लावलं नाही. संध्याकाळी पत्ते टेबलावर ठेवले, पुडक्यात न बांधता, आणि हात धुवायला गेले. ताईनं दोन पत्ते एकमेकांवर ठेवून ढकलून पाहिले. अडले. एक बाजू पांढरी खरखरीत, एक बाजू अजून चकचकीत. मग तिनं धाग्याची रिळं बाहेर काढली.

पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा खिडकीत एकच ताणा होता, भावोजींच्या पत्त्यांचा. भिंत कोरी होती. ऊन आत येत होतं, पण पत्त्यांतून पलीकडे जात नव्हतं. पट्टी हातभर झाली होती, रेघा सगळ्या एका दिशेला. ताईनं मनगट झटकलं आणि जिन्याकडे तोंड करून हाक दिली.

"अहो."

खाली चाक थांबलं. "काय?"

"जड आहेत हे. मनगट भरून येतं."

"मग?"

"मधे एक मोठं भोक पाडा. वजन कमी होईल."

"मजबुती जाईल."

"मला काय त्याच्यावर उभं राहायचंय?"

जिना वाजला. एकेक पायरी, गुडघे धरत. भावोजी दारात आले, भुवया पांढऱ्या, हातात पेन्सिल आणि पट्टी. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली.

"काहीही करून द्या, हिचं समाधान नाही," ते म्हणाले, आणि तिच्यासमोर खाली बसून सगळ्यांत कडेच्या पत्त्याचं माप घेऊ लागले. ती बांधलेली होती, त्यामुळे हलली नाही. पत्ते दोन्ही हातांत घट्ट धरून ती म्हणाली, "लवकर करा. वळण चाललंय माझं."