निळ्या मैदानावरच्या आमच्या दोघी

चंद्रपूरच्या ऊर्जानगरात सकाळी मोटारसायकलच्या सीटवर बोट फिरवलं की राखेची रेघ उमटते. राख कधी पडली, पत्ता नसतो. मैदानावरचे किस्से असेच साचतात. मी इथल्या कोळशाच्या वीज केंद्रात फिटर होतो, आता रिटायर आहे. गेली बावीस वर्षं कॉलनीमागच्या मुरमाच्या मैदानावर पोरींचा हॉकी क्लब चालवतो. चार लोक भेटले की म्हणतात, "सर, काही किस्से सांगा ना, थोडं हसू द्या!" सांगतो. हसायचं की नाही, ते तुमचं तुम्ही पाहा.

यंदा आमच्या दोन पोरी भारताच्या ज्युनियर संघासोबत परदेशात मोठ्या स्पर्धेला गेल्या. एक चैती, फॉरवर्ड. गडचिरोलीच्या जंगलात, सूरजागडच्या बाजूच्या गावातली, चंद्रपुरात काकाकडे राहून शिकलेली. दुसरी वैशाली, गोलकीपर, जिवतीच्या डोंगरातली. बाकी क्लब म्हणजे मी आणि आमचे सेक्रेटरी देवराव भाऊ. त्यांना पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोक यांतला फरक अजून कळत नाही, पण ओरडतात सगळ्यांत मोठ्यानं!

*

आधी शिबिराचा किस्सा.

आमच्या पोरी मुरमावर वाढलेल्या. पडल्या की गुडघ्यातून खडे काढायचे आणि पुन्हा पळायचं. शिबिरात पहिल्यांदा निळं टर्फ पाहिलं. मॅचच्या आधी चारही बाजूंनी फवारे सुरू झाले. बॉल नीट सरकावा म्हणून ते टर्फ भिजवतात.

चैतीचा लगेच फोन. "सर, इथी मैदानाले पाणी देऊन राह्यले!"

मी म्हटलं, "देतातच ते. रोज देतात."

"रोज?"

"दिवसातून दोनदा-तीनदा."

मग म्हणाली, "सर, आमच्या गावची बोरिंग दोन वर्षांपासून बंद हाये. मी आईले हे सांगणार नाई."

*

मग पासपोर्ट.

पासपोर्टसाठी पोलीस चौकशी लागते. चैतीच्या गावात जीप आली. त्या भागात जीप दिसली की लोक विचारत बसत नाहीत, जंगलाची वाट धरतात. पाच मिनिटांत गाव रिकामं! उरल्या कोंबड्या आणि एक म्हातारी, जिला ऐकूच येत नव्हतं.

मी त्याच जीपमध्ये होतो. चैतीचे बाबा कसेबसे सापडले, नाल्याच्या पलीकडे. अंगाला घाम, हात जोडलेले.

"भाऊ, पोरीनं का केलं?"

"काही नाही केलं. चांगली खेळते, म्हणून चौकशीला आलेत."

त्यांनी माझ्याकडं, मग जीपकडं पाहिलं. "चांगलं खेळलं तरी पोलीस येते का, भाऊ?"

शिपाई बिचारा भला माणूस होता. कागद काढून म्हणाला, "हिला ओळखणारे गावातले दोन जण पाहिजेत, सहीसाठी."

आता गावात होतं कोण! शेवटी मीच नाल्याकाठी उभा राहून हाका मारल्या. झाडाआडून दोघं आले. सही करताना एकाचं पेन दोनदा कागदाबाहेर गेलं, तेव्हा शिपाई स्वतःच म्हणाला, "राहू द्या काका, अंगठा चालते."

काका सातवी शिकलेले होते!

*

जायच्या आधी सत्कार. तो तर होणारच!

हॉल घेतला, बॅनर लावला. बॅनरवर दोघींचे फोटो बोटाएवढे, पाहुण्यांचे फोटो माणसाएवढे. वैशालीची आई जिवतीहून दोन बसगाड्या बदलून आली होती. साधं लुगडं, हातात कापडी पिशवी. स्टेजवर खुर्ची नाही, समोर पण नाही. ती मागं भिंतीला टेकून उभी राहिली.

पाहुण्यांचा चहा झाला. एक कार्यकर्ता तिच्याजवळ जाऊन म्हणाला, "बाई, उभ्या काऊन राह्यल्या? कप उचला ना!"

आणि तिनं उचलले! पहिल्या रांगेपासून सुरुवात केली.

वैशालीनं ते स्टेजवरून पाहिलं. गळ्यात हार, अंगावर शाल. पाहुण्यांचं भाषण "आपल्या मातीतल्या या लेकी" इथवर आलं होतं. ती सरळ खाली उतरली आणि दुसरा ट्रे घेऊन आईसोबत कप गोळा करू लागली. भाषण तिथंच थांबलं. फक्त कपांचा आवाज.

कार्यकर्ता धावत आला. "अवो, तुमचा सत्कार हाये!"

वैशाली म्हणाली, "झाला."

बाहेर आल्यावर आईच तिच्यावर चिडली. "तू काऊन आली खाली? माह्ये दोन ट्रे झालेच होते!"

*

स्पर्धा सुरू झाली. मॅच आपल्याकडच्या दुपारी. देवराव भाऊंनी मोबाइल टीव्हीला जोडला आणि क्लबच्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीनं बसलो.

तिसऱ्या मॅचमध्ये चैतीनं गोल केला. तीन पोरींना चकवून, गोलकीपरच्या दोन पायांमधून! देवराव भाऊ खुर्चीवर चढले आणि खुर्चीसकट पडले.

दुसऱ्या दिवशी एक पत्रकार क्लबात आले. म्हणाले, तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायचंय. मी लावून दिला.

"चैती, तुमच्या भागात भीतीचं वातावरण असतं. तू लहानपणी बंदुका पाहिल्या का?"

"व्हय, पाह्यली ना."

पत्रकारानं पेन सरसावलं. "कुठे?"

"शाळेच्या खेळात. शंभर मीटर सुरू कराले सर फोडत होते."

ते हसले नाहीत. पुढं विचारलं, "म्हणजे दहशतीवर मात करून तू..."

"सर, गोलचं विचारा ना," ती म्हणाली. "मी उलट्या स्टिकनं मारला."

छापून आलं तेव्हा दहशत होती, मात होती, जंगल होतं. गोलबद्दल एक ओळ होती, त्यातही चुकीच्या पोरीचं नाव!

*

वैशाली या सगळ्यात कुठं होती? ती राखीव गोलकीपर. राखीव खेळाडू सोबत जातो, सराव करतो, पण कोणी जखमी झालं तरच यादीत येतो. कोणी जखमी झालं नाही.

जिवतीत तिच्या गावाला रेंज नाही. एका टेकडीवर तेवढी येते. रोज मॅचच्या वेळी सगळं गाव त्या टेकडीवर, एका मोबाइलभोवती. सहा मॅच झाल्या. सहा मॅचमध्ये कॅमेऱ्यानं तिला एकदाच दाखवलं. दोन हातांत पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट घेऊन मैदानाच्या कडेनं चालली होती. पाच-सहा सेकंद.

टेकडीवर शिट्ट्या, टाळ्या! आईचा मला फोन.

"सर, दिसली! चांगली खेळून राह्यली ना पोरगी?"

देवराव भाऊंनी खिडकीबाहेर तोंड केलं.

मी म्हटलं, "हो बाई. चांगली."

*

संघ तिसरा आला. पदकं यादीतल्या पोरींनाच. सगळ्या मंचावर चढल्या आणि वैशाली दोरीच्या बाहेर सगळ्यांच्या स्टिका कवेत घेऊन उभी राहिली.

दोघी परतल्या तेव्हा मी आणि देवराव भाऊ नागपूरला घ्यायला गेलो आणि गाडी थेट जिवतीकडं, वैशालीच्या गावाला नेली. गाव दिसू लागलं तशी चैतीनं गळ्यातलं पदक काढून बॅगेच्या तळाशी कोंबलं.

वेशीवर ढोल, गुलाल, बायकांच्या हातात ताटं. सरपंच पुढं आले. "आण वो पोरी, पदक दाखव! गावानं कधी पाह्यलं नाई."

वैशालीची मान खाली गेली. ढोल थांबला. आता मीच काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात तिची आई म्हणाली, "पदक माह्याजवळ हाये. देवापाशी ठेवलं."

गाडी तर आमची आत्ताच पोचली होती! पोरीनं अजून घराचा उंबरा ओलांडला नव्हता. सगळ्या गावासमोर ती गाडीतून उतरली होती.

आई घरात गेली. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली, झाकणावरून दोरा बांधलेला. स्टुलावर ठेवला, हळद-कुंकू वाहिलं आणि बाजूला उभी राहिली.

सरपंचांनी डब्याकडं पाहिलं. वैशालीकडं पाहिलं. मग टोपी काढली, डब्याला हात लावून कपाळाला लावला. त्यांच्यामागं रांग लागली. म्हातारे, बाया, शाळेचे मास्तर. कोणीही "उघडा" म्हटलं नाही. देवराव भाऊही रांगेत होते, न ओरडता. चैतीनं तर डब्यावर डोकं टेकवलं.

शेवटी मी. डबा उचलायला एक हात पुढं केला.

"दोन्ही हातानं धरा, सर," आई म्हणाली. "जड हाये."