लांबट की चौकोनी

मुलीचं लग्न ठरलं आणि घरात सगळ्यात आधी टॅबची चौकशी सुरू झाली. साड्या, हॉल, जेवणाचं, हे सगळं त्याच्या मागून. विषय मुलीनेच काढला. म्हणाली, मी पालघरला गेल्यावर बाबांशी बोलणार कोण?

माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही. ते पावरलूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. सगळे माग एकदम चालू असले की तिथे शेजारी फटाका फुटला तरी कळत नाही. अशा आवाजात त्यांनी उभं आयुष्य काढलं. कान एका दिवसात गेले नाहीत. आधी पाखरांचा आवाज गेला, मग कुकरची शिट्टी, मग दारावरची थाप, आणि शेवटी आम्ही.

लग्नानंतर मीही काही वर्षं त्याच कारखान्यात कांड्या भरायला जायचे. आडव्या धाग्याच्या त्या छोट्या कांड्या. तिथे कोणी आवाज काढून बोलत नाही, उपयोगच नसतो. नुसते ओठ हलवायचे, तेही मोठे करून, भुवया उचलून, आणि जोडीला हात. धागा तुटला, उभ्या धाग्याचा बीम संपला, चहा आला, शेठ आला, लाइट गेली, चला घरी. एवढ्यात तिथलं सगळं भागतं. मला ते बरंच वाटायचं. मी मुळात चारचौघांत बोलायला लाजणारी. तिथे माझ्यात आणि धीट बायकांत काही फरकच नव्हता.

तेच बोलणं आम्ही घरी आणलं. त्यांचे कान गेले तेव्हा मला वेगळं काही शिकावं लागलं नाही. जेवायला वाढलं, पाणी आलं, झोपा आता, हे सगळं मी ओठांवर सांगत आले. पण कारखान्याच्या त्या बोलण्यात त्याच्यापुढचे शब्दच नाहीत. आज मन लागत नाही, हे ओठांवर कसं सांगणार? तसलं काही असलं की मुलगी मध्ये असायची. लहान होती तेव्हा त्यांच्या कानाशी ओरडायची, पुढे कागदावर लिहून द्यायला लागली. मी चौथीपर्यंत शिकले, लिहिता येतं, पण सावकाश. माझं एक वाक्य कागदावर उतरेपर्यंत बोलण्याची वेळ निघून जायची. म्हणून मीही मुलीलाच सांगायचे, त्यांना सांग म्हणून. नवराबायकोचं किती बोलणं मुलीच्या हातून गेलं, आता विचार करते तर कसंसंच वाटतं.

कारखाना विकला गेला, तिथे गोडाऊन झालं. तेव्हापासून ते घरीच. कानाचं मशीन घेऊन पाहिलं. चार दिवस लावलं आणि काढून ठेवलं. म्हणाले, डोक्यात परत लूम चालू झाली.

मुलगी काल्हेरला एका गोडाऊनच्या ऑफिसात आहे. तिथे मालाची मोजणी टॅबवर होते. त्यातला एक जुना पडून होता, तो साहेबांना विचारून तिने आठवडाभरासाठी घरी आणला. लांबट आकाराचा, सिनेमाच्या पडद्यासारखा. त्याच्यात असं काहीतरी होतं की आपण बोललो की समोर अक्षरं उमटतात. मराठीसुद्धा. तिने तो पिठाच्या डब्याला टेकवून उभा ठेवला आणि म्हणाली, "बाबा, जेवलात का?" त्यांनी वाचलं आणि हसले. पुष्कळ दिवसांनी हसले. मग तिला म्हणाले, अजून बोल.

पण त्या लांबट टॅबचं दुखणं लवकरच कळून आलं. उभा ठेवला तर अरुंद. त्यांच्या डोळ्यांसाठी अक्षरं मोठी केली की एका ओळीत दोन-तीन शब्द मावायचे, की लगेच खालची ओळ. वाचता वाचता ते ओळ चुकायचे आणि चिडायचे. आडवा ठेवला तर ओळ चांगली लांब यायची, पण ओळी थोड्या. नवीन उमटली की जुनी वर सरकून नाहीशी. मुलगी भराभर बोलणारी, तिचं निम्मं बोलणं वाचण्याआधीच वर जायचं. ती म्हणाली, आपल्याला चौकोनी आकाराचा बघायला हवा.

म्हणून रविवारी संध्याकाळी तिघं रिक्षाने बाजारात गेलो. दुकानदार मुलीच्या ऑफिसात माल देणारा, ओळखीचा. त्याने दोन टॅब काचेवर मांडले. एक ऑफिसातल्यासारखाच लांबट, नवा. दुसरा शाळेच्या पाटीसारखा, जरा जाड चौकोनी. लांबट पिक्चर आणि क्रिकेट बघायला चांगला, चौकोनी वाचायला आणि मुलांच्या अभ्यासाला, असं त्याने सांगितलं. लांबट हलका, पण एका हातात धरला की एका बाजूला कलतो. चौकोनी वजनाला जड, पण तळहातावर नीट बसतो. ट्यूबलाइटची चमक दोघांवरही पडत होती, चौकोनीवर जरा कमी. मुलीने सिमकार्डाची जागा आहे का ते आधी विचारलं, कारण घरचं नेट तिच्या मोबाईलवर चालतं आणि तो मोबाईल तिच्याबरोबर सासरी जाणार. ती जागा दोघांतही होती. मग दुकानदार स्पीकरवर आला. चार स्पीकर आहेत, आवाज असा फिरतो, तसा घुमतो, थांबेचना.

मुलगी म्हणाली, "भाई, आवाजाचं राहू दे. बाबांना आवाज कळला असता तर आम्ही तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

"बात तो सही है," तो म्हणाला. "चला, चार स्पीकर फुकटात दिले समजा."

मग त्याने चौकोनी टॅबमध्ये ते लिहिणारं सुरू केलं आणि माझ्यापुढे धरला. बोला मावशी, काकांशी काहीपण बोला. ते समोर स्टुलावर बसले होते. मी त्यांच्याकडे बघून बोलले, हा घेऊ या का. काही उमटलं नाही. दुकानदाराने काहीतरी दाबलं, परत बोला म्हणाला. मी परत बोलले. पडदा कोराच. नेट बघतो म्हणाला. तेही झालं. शेवटी हा पीस खराब असणार म्हणून त्याने आतून दुसरा मागवला. त्याच्यावरही काही नाही. तोपर्यंत दोन गिऱ्हाइकं आमच्याकडे बघत उभी राहिली होती.

मुलगी काउंटरच्या दुसऱ्या टोकाला कव्हर बघत होती, ती आली. माझ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"आई, तू आवाज कुठे काढतेयस?"

खरंच, मी नुसते ओठ हलवत होते. त्यांच्याकडे तोंड केलं की माझा आवाज आपोआप बंद होतो, इतक्या वर्षांत मला ते कळलंच नव्हतं. सगळे हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. त्यानंतर मुलीने कितीही सांगितलं तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मग तीच बोलली, अक्षरं मोठी आणि भरपूर उमटली, त्यांनी मान हलवली, आणि आम्ही चौकोनी घेतला. आवडला नाही तर दोन दिवसांत बदलून देईन, खोका फाडू नका, असं दुकानदार म्हणाला.

रिक्षात मला एकच धास्ती होती. टॅब चांगला होता, वाचायला सोपा होता. पण मुलगी गेल्यावर त्याच्यासमोर बोलणार मी. मी बोललेच नाही तर घरात परत पाणी आलं आणि जेवायला वाढलं, एवढंच उरणार. तेही अजून किती वर्षं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मुलगी ड्युटीवर गेली, टॅबला नेट मिळावं म्हणून मोबाईल घरीच ठेवून. माझं धागे कापायचं काम होतं, तयार कपड्यांचे गठ्ठे घरी येतात, शिलाईचे लोंबते धागे कापून द्यायचे. पाठ भरून आली होती. दुपारी कात्री ठेवली, टॅब डब्यावर उभा केला आणि त्यांच्यासमोर बसले. दार लावून घेतलं. भिंतीला भिंत लागून घरं, शेजारणीला ऐकू जाईल म्हणून हळू बोलले. हळू बोललेलं त्याने लिहिलं नाही. जरा मोठ्याने बोलले. मग आमच्या बोलण्यातलं न्हाय, हाय त्याला नीट घेता येईना, म्हणून पुस्तकातल्यासारखं बोलले.

मी म्हणाले, मुलगी गेली की आपण दोघंच राहणार. मला भीती वाटते.

त्यांनी वाचलं. मग त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, आपण किती मोठ्याने बोलतो ते त्यांना कळत नाही, म्हणाले, "कसली भीती?"

मी म्हणाले, घरात कोणी बोलणार नाही याची.

त्यांनी तेही वाचलं. म्हणाले, "तू बोलतेस कुठं? तू तर चिडतेस."

मला कळेना. मी कधी चिडले? तेव्हा त्यांनी माझी नक्कल केली. भुवया वर, डोळे मोठे, तोंड वाकडं करून, आवाज न काढता, जेवायला वाढलं. मी बघतच राहिले. कारखान्यातलं ते बोलणं मी अंधाऱ्या स्वयंपाकघरातून, थकल्या तोंडाने करत आले होते, आणि त्यांना दिसत होती ती एक चिडकी बाई. रोज दोन वेळा. कान गेल्यापासून.

मी सांगितलं, मी चिडत नव्हते. तुम्हाला ओठ दिसावेत म्हणून तोंड तसं करत होते. त्यांनी वाचलं. पण विश्वास बसला नसावा, कारण डोकं एका बाजूला काढून टॅबच्या कडेने माझ्याकडे बघितलं.

"आता चिडलीस का?"

मी नाही म्हणाले. त्यांनी 'नाही' वाचलं आणि परत वाकून बघितलं. असंच सुरू झालं. माझं एक वाक्य झालं की ते वाचायचे, मग मान तिरकी करून माझं तोंड बघायचे, मग परत सरळ. डब्यावर तो चौकोनी टॅब बरोबर माझ्या तोंडासमोर येत होता. खाली मांडीवर घेतला तर त्यांना अक्षरं दिसेनात. थोड्या वेळाने ते मान चोळायला लागले. वैतागून म्हणाले, "हे कोण बोलतंय तेच कळत न्हाय. अक्षरं कोणाचीपण असतील."

तेव्हा मी ऑफिसातला लांबट टॅब काढला. आडवा धरला, हनुवटीच्या खाली, दोन्ही हातांनी. उंचीला कमी असल्याने त्याच्यावरून माझं सगळं तोंड मोकळं राहिलं. आणि बोलले. काय बोलले ते मोठं नव्हतं, पाठ दुखते, आज धागे फार आहेत, एवढंच. ओळी थोड्याच मावतात, म्हणून थोडं बोलायचं आणि थांबायचं. ते वाचायचे, डोळे वर करायचे, माझ्याकडे बघायचे, परत खाली. मान हलवायला लागत नव्हती. माझे हात अवघडले तेव्हा मी दोन डबे एकावर एक ठेवले, त्यावर टॅब आडवा टेकवला आणि त्याच्या मागे जरा उंच पाटावर बसले.

संध्याकाळी मुलगी आली, तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, आई, वाचायला चौकोनीच चांगला आहे, हे काय भलतंच. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी मंगळवारी ती अर्धा दिवस सुट्टी काढून आमच्याबरोबर दुकानात आली.

दुकानदाराने खोका उघडून तपासला, कुठे ओरखडा नाही ते पाहिलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "क्यों मावशी, काय प्रॉब्लेम आला? हा तर जास्त चांगला आहे."

दुकानात परत तीच गर्दी. मला सांगता येईना. मुलगी सांगायला लागली तेवढ्यात, कोणी काय विचारलं ते न ऐकताच, ते खणखणीत आवाजात म्हणाले, "याच्यात हिचं तोंड दिसत न्हाय."

सगळ्यांनी वळून बघितलं. मी पदर तोंडाला लावला. दुकानदार मागच्या फळीवरून लांबट टॅबचा खोका काढून पुसायला लागला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी चिडले आहे का ते बघायला. मी पदर खाली केला.