शुभेच्छुकाची शाल

माझे साडू विनायकराव गणितज्ञ आहेत, हा माझ्या संसारातला न सुटलेला प्रश्न आहे.

तसा मीही गणितातलाच. गुलमंडीत दहावीच्या शिकवण्या घेतो. पण आमच्या फुलंब्रीच्या सासूबाईंचं आपलं एकच, "धाकले जावई लई हुशार!" थोरल्यालाही कधी हुशार म्हणावं, एवढीच माझी इच्छा!

त्यात विनायकरावांनी पराक्रम केला. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का, हे कोडं अजून जगात कुणाला सुटलेलं नाही. (आठ म्हणजे पाच अधिक तीन. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. मी सोडवायला घेतलेले कागद बायकोनं रद्दीत घातले.) त्या कोड्यात यांनी म्हणे एक पायरी वरची गाठली!

सासूबाईंचा हुकूम सुटला, "माधवराव, सत्कार करा त्यांचा!"

मी जळफळत चौकात मांडव ठरवला.

"सत्कार कशाला? अजून सुटलंय कुठं?" विनायकराव म्हणाले. "निदान फ्लेक्सवर माझं नाव नको, फोटोही नको."

मी आग्रह केला नाही. (अजिबात केला नाही!) शहागंजात जाऊन फ्लेक्स सांगितला. वर 'थोर गणितज्ञाचा भव्य सत्कार', खाली 'शुभेच्छुक' म्हणून माझा फोटो.

फ्लेक्सवाला म्हणाला, "सर, बीच में खाली खाली दिखरा. तुम्हाराच फोटू बडा कर दूं?"

'नको' म्हणायला मला जरा उशीर झाला.

झालं! दुसऱ्या दिवशी चौकात मीच थोर गणितज्ञ! लोक वाकून नमस्कार करू लागले आणि मी आशीर्वाद देऊ लागलो. संध्याकाळी सत्काराला नगरसेवक आले, त्यांनी फ्लेक्स पाहिला आणि शाल थेट माझ्या खांद्यावर! मी "अहो..." एवढं म्हणालो, पण हातात नारळ आला आणि तोंड मिटलं. शेवटच्या रांगेत विनायकराव सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. "अवं, हे नाय! ते मागं बसल्यात ना, त्यांचा सत्कार हाय!"

विनायकराव हात जोडून म्हणाले, "असू द्या आई. शोभतेय त्यांना."

अख्खा मांडव हळहळला. केवढं मोठं मन! सासूबाईंनी डोळे पुसले. "व्हय तर! सत्कार बी साडूला देऊन टाकला. लई हुशार!"

आता चौकात नवा फ्लेक्स लागलाय, 'प्रसिद्धीपराङ्मुख थोर गणितज्ञ विनायकराव'! फोटो भिंतीएवढा, त्यांना न विचारता. खाली शुभेच्छुकांत मी, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

शाल मात्र माझ्याकडेच आहे. पण ती थंडीतही लागत नाही. त्या फ्लेक्सखालून एक चक्कर मारली की अंग आपोआप तापतं!