सर्वेशची बुटकी गाडी

माझा मुलगा सर्वेश सत्तावीस वर्षांचा आहे. घोडबंदर रोडला एका ऑफिसात मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करतो. मित्र मोजके, बोलणं त्याहून मोजकं. कोपरला आमच्या इमारतीखाली आमच्या वाट्याची पार्किंगची जागा आहे. तिथे तीन वर्षं दर रविवारी बसून त्याने लोखंडी पाइपांचा सांगाडा वेल्ड केला आणि त्यावर जुन्या मारुतीचं इंजिन बसवलं. दोन माणसांची, उघडी, शर्यतीत धावते तसली गाडी. रस्त्यासाठी तिला पासिंग मिळणार नाही, हे त्याला माहीत होतं. कल्याणच्या पुढे एका मैदानावर घरी अशा गाड्या बनवणारी मुलं जमतात. तिथे ती एकदा पळवायची, एवढंच त्याला हवं होतं.

तळमजल्यावरचा विकी येता-जाता विचारायचा, "काय सर्वेश, रिक्षा कधी काढतोस बाहेर? मीटर मी देतो."

सर्वेश हसायचा. टोमणा त्याला कळायचा, पण उशिरा.

सस्पेन्शन कुठलं लावायचं, यावर तो फार दिवस अडून बसला होता. मारुतीचं तयार होतं: उभा शॉकअप, त्याच्याभोवती स्प्रिंग, बोल्ट आवळले की झालं. पण त्याने गाडी उंच बसते आणि वळणावर चाक कलतं. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन त्रिकोणी हात. ते सगळे स्वतः बनवायचे. मग वळणावर चाक सरळ टेकून राहतं आणि गाडी जमिनीलगत बसवता येते. जेवताना हातात दोन चमचे धरून तो हे समजावत होता.

"मारुतीचं लाव," हे म्हणाले. हे म्हणजे त्याचे वडील, साईनाथ. सोसायटीचे सेक्रेटरीही तेच.

"अहो बाबा, वळणावर मजा नाही येणार."

"तुला कुठे वळायचंय?"

शेवटी त्याने त्रिकोणी हातच बनवले. बसवून झाले त्या दिवशी ह्यांनी विचारलं, "मग आता जमिनीपासून किती राहिली?"

"चार बोटं. गेटवरचा स्पीडब्रेकर तीन बोटं आहे. मोजलाय मी, आरामात निघते."

वडिलांनी गाडीबद्दल आपणहून काही विचारलं, ते पहिल्यांदाच. त्या आनंदात तो एक पोळी जास्त जेवला.

पुढच्या मीटिंगमध्ये ह्यांनी ठराव मांडला. मुलं सायकली सुसाट नेतात, गेटवरचा ब्रेकर उंच करावा. कोणी कशाला नाही म्हणेल? शनिवारी सर्वेश मैदान बघायला गेला आणि मित्राकडेच राहिला. त्या दुपारी ब्रेकरवर डांबर पडलं.

रविवारी सकाळी तो टेम्पो घेऊनच आला. गेटची कमान बुटकी, म्हणून टेम्पो बाहेर उभा राहिला. तिथपर्यंत गाडी चालवत न्यायची होती. घाईत त्याने जमिनीकडे बघितलंच नाही. पुढची चाकं ब्रेकर चढून उतरली आणि गाडीचं पोट टेकलं. लोखंड घासल्याच्या आवाजाने लोक बाल्कनीत आले. काही जण मोबाइल धरून खाली उतरले. आम्ही दोघंही उतरलो.

"अरे, हिने तर बसकण मारली," विकी म्हणाला. सगळे हसले.

सर्वेश उतरला. वाकून ब्रेकरकडे बघत राहिला. मग ह्यांना म्हणाला, "बाबा, रंगकामाच्या फळ्या द्या. चाकांखाली घातल्या की निघेल."

"फळ्या सोसायटीच्या आहेत. परवानगी लागते."

"तुमचीच ना?"

"कमिटीची."

"तुम्हाला माहीत होतं. चार बोटं."

"तूच सांगितलंस. मारुतीचं लावलं असतंस तर गेली असती."

मी ह्यांच्या दंडाला हात लावला. हे माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "तुला तो धडधाकट हवाय की नाही?" तीन वर्षं डोळे मिटले की मला ती गाडी उलटलेली दिसायची. मी हात काढून घेतला.

सर्वेशने पार्किंगमधून कटर आणला, वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढली. आधी पेट्रोलची टाकी सोडवून लांब नेऊन ठेवली, चष्मा लावला, आणि सीटच्या मागचा पहिला पाइप कापला. मग दुसरा. हसणं थांबलं.

"सर्वेश, राहू दे ना यार," विकी म्हणाला. "उचलतो आम्ही चौघं."

"मागे हो. ठिणग्या उडतायत."

गाडीचे दोन तुकडे झाले. पुढचा त्याने ढकलत बाहेर नेला, मागचा ब्रेकरवरून ओढत. टेम्पोवाल्याने विचारलं, "मैदानावर ना?"

"भंगारवाल्याकडे."

तो ड्रायव्हरच्या शेजारी बसून गेला. ह्यांनी वॉचमनला हाक मारली आणि लोखंडाचा चुरा नीट झाडून घ्यायला सांगितला. मुलं अनवाणी खेळतात, कोणाच्या पायात जायला नको.